वारा आमच्या शिवारातला, वीज कोणाची?
(पवनचक्कीपासून विद्युत-जाळ्यापर्यंत : एक अभ्यासपाठ)

इतिहासाच्या तासाला विजेचा विषय निघण्याचे तसे कारण नव्हते. नववीच्या वर्गात संस्थानांचे विलीनीकरण शिकवीत होतो. वसतिगृहात राहणारा, वाशी तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या रानात पवनचक्की फिरते. दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो, तेव्हा तीन रात्री घरात लाईट नव्हती. पवनचक्कीच्या डोक्यावरचा लाल दिवा मात्र चालू होता. असं का?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण त्या क्षणी माझ्यापाशी नीट उत्तर नव्हते. "उद्या सांगतो," एवढेच म्हणालो. त्या 'उद्या'ला पुढे काही महिने लागले. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज वीज खात्यात काम करतात, त्यांना विचारले. जुने कायदे व शासन निर्णय वाचले. कळंब, वाशीकडे जाऊन मनोरे आणि उपकेंद्रे बाहेरून पाहिली. त्या मुलाला दिलेले उत्तर आता स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे. हा प्रश्न एका मुलापुरता उरलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांत बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. उमरगा-लोहाऱ्याच्या पालकांनाही आज ना उद्या आपल्या बांधावर मोजणीचे यंत्र घेऊन आलेली माणसे भेटणारच आहेत. त्या दिवशी आपल्याला काय विचारायचे ते ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू.

१. वाऱ्यापासून विजेपर्यंत

पवनचक्कीच्या संदर्भातील पहिला नियम असा : वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर शक्ती आठपट होते. म्हणूनच सेकंदाला पाच मीटर वेगाचा वारा असलेले गाव आणि सात मीटर वेगाचा वारा असलेले गाव यांत अंतर दोन मीटरचेच असले, तरी उत्पन्नात पावणेतीनपट फरक पडतो. कंपन्या सपाट काळी जमीन सोडून माळ, टेकड्या आणि पठाराच्या कडा का शोधतात, याचे उत्तर या गणितात आहे. आपण ज्या माळाला 'पड' म्हणून नावे ठेवली, तोच माळ आज मोलाचा ठरला आहे.

साधारणपणे वाऱ्याचा वेग सेकंदाला तीन ते चार मीटर झाला की चक्की वीज निर्माण करू लागते. अकरा ते तेरा मीटरला ती पूर्ण क्षमतेस पोहोचते आणि पंचवीस मीटरच्या आसपास स्वतःच्या रक्षणासाठी थांबते. महाराष्ट्रात वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. वर्षाच्या निर्मितीतील मोठा वाटा या चार महिन्यांतच येतो. उरलेल्या काळात चक्क्या पुष्कळदा संथ असतात. रब्बीत आपल्या मोटारींना पाणी उपसण्यासाठी वीज हवी असते, तेव्हा वारा पडलेला असतो. पावसाळ्यात मोटारी बंद असतात, तेव्हा वारा भरात येतो. ही विसंगती लक्षात ठेवावी, कारण एकट्या पवनचक्कीवर गाव चालवणे का जमत नाही, हे तिच्यावरून कळते.

आता एक हिशेब करू. दोन मेगावॅट क्षमतेची एक चक्की वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. सरासरी पंचवीस टक्के धरली, तर वर्षाला सुमारे ४४ लाख युनिट वीज होते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरांच्या मापाने ती साडेतीन हजारांहून अधिक घरांची वर्षाची वीज झाली. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या रानातील एकच चक्की त्याच्या गावाला पुरून उरली असती. मग घरात अंधार का?

२. वीज घरापर्यंत सरळ का येत नाही?

अनेक चक्क्यांतील जनित्र सुमारे ६९० व्होल्ट दाबाने वीज देते. दाब कमी असेल, तर तेवढीच वीज वाहून नेण्यासाठी प्रवाह फार मोठा लागतो. दोन मेगावॅट वीज ६९० व्होल्टने न्यायची, तर सुमारे १,६७० अँपिअर प्रवाह होतो. तीच ३३ किलोव्होल्टने न्यायची, तर अवघा ३५ अँपिअर. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच तारेतून नेल्यास हा अपव्यय दोन हजारपटींहून कमी होतो. म्हणून प्रत्येक चक्कीच्या पायथ्याशी किंवा तिच्या माथ्यावर रोहित्र असते आणि ते दाब ३३ किलोव्होल्टपर्यंत वाढवते.

तेथून ३३ किलोव्होल्टच्या तारा रानारानांतून जात एका संकलन उपकेंद्रात येतात. तेथे दाब पुन्हा चढवून १३२ किंवा २२० किलोव्होल्ट केला जातो व वीज पारेषणाच्या मोठ्या उपकेंद्राकडे जाते. आपल्या जिल्ह्यात यासाठी कळंब येथे ४००/२२० किलोव्होल्टचे संकलन उपकेंद्र अलीकडे उभे राहिले. त्याची योजना या परिसरातील १,००० मेगावॅट अपारंपरिक विजेसाठी झाली असून त्यात ५०० एमव्हीएची दोन रोहित्रे आहेत. परळीहून पुण्याकडे जाणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी मध्ये तोडून या उपकेंद्रात आत-बाहेर घेतली आहे. हमरस्त्यावरची गाडी गावात वळवून पुन्हा हमरस्त्याला लावावी, तसे हे काम. एकदा वीज त्या वाहिनीत शिरली की ती कळंबची राहत नाही.

उलट दिशेने वीज घरी येते तेव्हा हाच जिना उतरावा लागतो : ४०० वरून २२०, १३२, ३३, मग ११ किलोव्होल्ट आणि शेवटी गावातल्या डीपीवरून घरात २३० व्होल्ट. आपल्या मुलाच्या घरातील अंधार या शेवटच्या दोन पायऱ्यांवरचा होता. डीपी जळालेली असेल, फीडर बंद असेल, तर वरती कितीही वीज असली तरी घरात दिवा लागत नाही. विहीर भरलेली असूनही रहाटाचा दोर तुटला, तर घागर रिकामीच राहते.

३. जाळ्याचा ठेका

तरीही एक शंका उरते. डीपी जळाली असेल, पण चक्की तर अंगणासमोर होती. तिची तार सरळ घरात का घेऊ नये?

आपल्या शाळेच्या लेझीम पथकाची आठवण करावी. शंभर मुले एका हलगीच्या ठेक्यावर पाऊल टाकतात. एकाचे पाऊल चुकले, तर रांग विस्कटते. भारतातील सर्व वीजनिर्मिती केंद्रे असाच एक ठेका धरून चालतात. तो ठेका म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने. नियमांनी त्याला ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच मर्यादेत राहण्याची सवलत दिली आहे. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली, तर ठेका मंदावतो. निर्मिती जास्त झाली, तर वाढतो. वीज कणगीत साठवलेल्या ज्वारीसारखी मोठ्या प्रमाणावर सहज साठत नाही. प्रत्येक क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढीच निर्माण व्हावी लागते.

आजच्या बहुतेक पवनचक्क्या हा ठेका स्वतः धरत नाहीत. जाळ्याचा ठेका ऐकून त्याप्रमाणे पाऊल टाकतात. जाळ्यातील दाब नाहीसा झाला की त्या स्वतःला तोडून घेतात. पाते वाऱ्याने हळूहळू फिरताना दिसेल, पण वीज बाहेर जात नसेल. असे नसते, तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवाशी खेळ झाला असता. माथ्यावरचा तो लाल दिवा विमानांना इशारा देण्यासाठी असतो; त्याची सोय स्वतंत्र असते. त्याच्यावरून चक्कीतून गावाला वीज मिळते आहे, असे समजू नये.

जोडणीचे नियमही कडक आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००७ मध्ये जाळ्याला जोडणीची तांत्रिक मानके ठरवली आणि २०१३ मध्ये त्यांत पवन व सौर प्रकल्पांसाठी सुधारणा केली. जाळ्यात कोठे बिघाड होऊन क्षणभर दाब कोसळला, तर चक्कीने घाबरून लगेच सुटू नये, तग धरावा, ही त्यांतील एक महत्त्वाची अट. एका वेळी शेकडो चक्क्या सुटल्या, तर छोट्या बिघाडाचा मोठा अंधार होतो. ३० व ३१ जुलै २०१२ या दोन दिवशी उत्तरेकडील, नंतर पूर्व व ईशान्येकडील जाळे कोसळले, तेव्हा ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. जाळे जेवढे मोठे, तेवढा आधार मोठा. पण जबाबदारीही तेवढीच मोठी.

या राष्ट्रीय जाळ्याची शेवटची गाठ आपल्या शेजारीच बसली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी एका ठेक्यात नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वारंवारिता झाली. ज्या सोलापूरला आपण महामार्ग ६५ ने दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी जातो, तेथे ही गाठ आहे.

४. थोडा इतिहास : प्रकाश कोणाला, जमीन कोणाची?

विजेचा हा प्रश्न नवा नाही. १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. वीज मुंबईला गेली, पाणी धरणात राहिले आणि मोबदल्याच्या व्यवहारात ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांची बाजू भक्कम, तर जे प्रत्यक्ष कसत होते त्या कुळांची बाजू लंगडी ठरली. पुढे कोयनेचेही धरण झाले. आज कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. एकाच डोंगराने आधी पाणी दिले, आता वारा देतो आहे.

मग ही वीज कोणाच्या मालकीची असावी? हा प्रश्न देशपातळीवर शिस्तीने विचारणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रभागी होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकाम व वीज धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या बैठकीतील भाषणात त्यांनी मूळ मुद्दे मांडले : वीज खाजगी हाती असावी की सरकारच्या, ती केंद्राने पाहावी की प्रांतांनी, आणि ती स्वस्त व मुबलक कशी होईल. वीज कशासाठी, याचे त्यांचे उत्तर स्पष्ट होते. उद्योग वाढावेत आणि शेतीवर अडकून पडलेला माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटावा, यासाठी. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते याच धोरणातून. बाबासाहेबांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून ओळखतो. आपल्या घरातील दिव्याच्या इतिहासातही त्यांचे पान आहे, हे मुलांना सांगायला हवे.

स्वातंत्र्यानंतर काकासाहेब गाडगीळ ऊर्जामंत्री असताना वीज पुरवठा कायदा झाला. त्याची तारीख १० सप्टेंबर १९४८. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. म्हणजे राज्य वीज मंडळांचा पाया घालणारा कायदा झाला, तेव्हा उमरगा अजून भारतात आलेही नव्हते! २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००३ च्या नव्या कायद्यानंतर, ६ जून २००५ रोजी, त्याचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या.

या विभाजनात आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर दडले आहे. निर्मिती करणारा वेगळा, वाहून नेणारा वेगळा, घरात देणारा वेगळा. रानातल्या चक्कीची वीज करारानुसार कोणाला तरी विकलेली असते; तो ग्राहक पुण्याचा कारखाना असू शकतो किंवा दुसऱ्या राज्याची वितरण कंपनी. जमीन ज्याची, त्याला विजेवर त्यामुळे आपोआप हक्क मिळत नाही. त्याला मिळते ते करारात लिहिलेले असते, तेवढेच. म्हणून करार वाचता येणे हे आजच्या काळातील खरे साक्षरत्व आहे.

पवनऊर्जा वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक संच बंद ठेवावे लागले होते. चक्कीला कोळसा लागत नाही आणि पाणीही लागत नाही. मराठवाड्यासारख्या तहानलेल्या प्रदेशाला याहून योग्य वीज कोणती? प्रश्न चक्कीचा नाही, वाट्याचा आहे.

५. सातबारा, गायरान आणि तारांखालची जमीन

आता पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांकडे वडिलोपार्जित मोठी शेती नाही. जी आहे ती दोन प्रकारची : शासनाने दिलेली भोगवटादार वर्ग-२ ची जमीन, किंवा वर्षानुवर्षे कसत आलेले गायरान. ही जमीन कोणी सहज दिलेली नाही. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, १९६४-६५ मध्ये तो देशभर पोहोचला. हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या चळवळीच्या रेट्यातून पुढे १९७८ आणि १९९१ चे शासन निर्णय आले व १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा मार्ग उघडला. ज्यांनी त्या वेळी कागद पूर्ण केले, त्यांच्या नावावर जमीन झाली. ज्यांनी केले नाहीत, ते आजही सातबाऱ्यावर 'सरकार' या शब्दाखाली शेती करीत आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्यात नमूद केला. याचा अर्थ उघड आहे : कागद असेल, तर कायदा बाजूने आहे, कागद नसेल, तर पिढ्यांचा घामही पुरावा ठरत नाही. माळाला भाव नव्हता, तेव्हा या फरकाने काही बिघडत नव्हते. आता माळाला भाव आला आहे.

वर्ग-२ च्या जमिनीबाबत एक इशारा. ही जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही किंवा दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही. घाईने नोटरीच्या कागदावर सही करून आगाऊ रक्कम घेतली, तर शर्तभंग ठरून जमीनच शासनजमा होण्याचा धोका असतो. घर बांधायला मिळालेले दोन-तीन लाख रुपये पुढे फार महाग पडू शकतात.

तारांचा मामला आणखी वेगळा. पारेषणाच्या मनोऱ्यासाठी जमीन संपादित होत नाही. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ नुसार वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार देता येतात. त्यामुळे केवळ 'माझी संमती नाही' म्हणून वाहिनी थांबत नाही. पण नुकसानभरपाईचा हक्क मात्र शाबूत राहतो आणि तिच्या रकमेबद्दल जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १५ ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला सुचवला होता. जून २०२४ च्या सुधारित सूचनांत ही प्रमाणे २०० टक्के व ३० टक्के झाली. राज्यांनी त्याप्रमाणे आपापले निर्णय घ्यावयाचे असतात. म्हणून सही करण्यापूर्वी महाराष्ट्राचा त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय तहसील कार्यालयातून मागून घ्यावा.

या सूचना ६६ किलोव्होल्ट व त्यावरील वाहिन्यांसाठी आहेत, ही बाब मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. चक्कीपासून संकलन उपकेंद्रापर्यंतची तार ३३ किलोव्होल्टची असते. म्हणजे आपल्या बांधावरून जाणाऱ्या नेमक्या त्याच तारेसाठी हा तक्ता लागू नाही. तेथे बोलणी, लेखी करार आणि आपली एकजूट यांवरच भिस्त. एकेकट्याने बोलणी केली की शेजाऱ्याला वेगळा भाव, मला वेगळा. आणि ज्याची जमीन सर्वांत लहान, त्याला सर्वांत कमी. ग्रामसभेत एकत्र बसून दर ठरवला, तर हे टळते.

६. स्वाध्याय

शिक्षकाचा लेख स्वाध्यायाशिवाय पूर्ण होत नाही. या सुट्टीत प्रत्येक घराने पुढील पाच गोष्टी कराव्यात.

(१) आपल्या जमिनीचा ताजा सातबारा व आठ-अ काढून त्यावर वर्ग-१ आहे की वर्ग-२, ते पाहावे.
(२) गायरान कसत असल्यास अतिक्रमण नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १-ई मध्ये, आपले नाव व वर्ष आहे का, याची लेखी नक्कल मागावी. जुन्या दंडाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.
(३) करार आला, तर मुदत, दरवर्षीची भाडेवाढ, मुदतीनंतर चक्कीचा पाया काढण्याची जबाबदारी आणि रस्त्याचा हक्क, हे चार मुद्दे शोधावेत. न सापडल्यास सही करू नये.
(४) करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असावा आणि त्याची मराठी प्रत घरी असावी. घरातील बाईनेही तो वाचलेला असावा.
(५) आपल्या गावाची वीज कोणत्या उपकेंद्रातून, कोणत्या फीडरवरून येते, ते लाईनमनला विचारून वहीत काढावे. घरापासून उपकेंद्रापर्यंतचा नकाशा हा नववीच्या मुलाला सहज जमणारा प्रकल्प आहे.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. त्याला मी शेवटी सांगितले, "तुझ्या घरातला अंधार चक्कीने केला नव्हता आणि तो घालवणे तिच्या हातातही नव्हते. डीपी दुरुस्त करून घेण्यासाठी वडिलांच्या नावाने अर्ज लिही, पोच घे." त्याने अर्ज लिहिला. पुढच्या सुट्टीवरून परतताना त्याने सोबत दोन कागद आणले. एक अर्जाची पोच. दुसरा चक्कीच्या कराराची छायाप्रत. पत्र्याच्या पेटीत सहा वर्षे पडून होती. ती इंग्रजीत होती आणि घरात ती कोणी वाचलेली नव्हती. रविवारी आम्ही दोघे शब्दकोश घेऊन बसलो. भाडेवाढीचे कलम अकराव्या पानावर सापडले. तीन वर्षे ती वाढ मागितलीच गेली नव्हती.

वडिलांनी आता ती लेखी मागितली आहे. उत्तर अजून यायचे आहे. मुलाने मात्र तो करार स्वतःच्या हाताने मराठीत उतरवून काढला आहे आणि गावातील आणखी चार घरांनी आपापल्या पेट्या उघडल्या आहेत.